सुरकुतलेली कॉलनी

संध्याकाळ झाली की आत्याला हुडहुडी भरून ताप यायचा आणि सकाळी उतरायचा. उतरला की वॉर्डातले सगळे खूश. "औषध लागू पडतंय," म्हणायचे, आणि संध्याकाळी पुन्हा पांघरुणांची शोधाशोध करायचे. आठवडाभर हा लपंडाव चालला होता आणि त्यापायी बुरशीबाईंच्या डोक्याचा भुगा झाला होता.

बुरशीबाई हे काही आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव नव्हे. त्याच हॉस्पिटलच्या तळघरात तपासणीची लॅब होती आणि तिथला बुरशीचा विभाग बाईंच्या ताब्यात होता. कुणाच्या रक्तात, थुंकीत, जखमेत बुरशी किंवा यीस्ट सापडलं, की ते कोणतं, किती वांड, कोणत्या औषधाला भिणारं, हे सांगायचं काम त्यांचं. लिफ्टवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. "याहून वाईट नावं पडलेली माणसं आहेत या इमारतीत," एवढंच बाई त्यावर म्हणत. आत्याच्या खाटेपाशी मात्र त्या चिमी होत. आई गेल्यावर आत्यानेच त्यांना वाढवलं होतं, स्वतःच्या मुलाच्या बरोबरीने, आणि कधी कधी त्याच्याहून चार धपाटे जास्त घालून.

आत्या पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी अडकवून तिने अर्ध्या शहराला पाण्यात ढकललं होतं. आवाज असा, की ती तलावाच्या एका टोकाला ओरडली तर दुसऱ्या टोकाचं पोर बुडायचं विसरून हात मारायला लागे. तीच आत्या आता आतड्याचं ऑपरेशन होऊन खाटेवर पडली होती. टाके घातले तिथे आतडं थोडं गळत होतं, म्हणून तोंडावाटे पाण्याचा थेंबही बंद. गळ्याच्या हाडाखालून एक बारीक प्लॅस्टिकची नळी थेट मोठ्या शिरेत सोडलेली होती आणि तिच्यातून दुधासारखं पांढरं अन्न थेंबाथेंबाने रक्तात जात होतं. आत्या त्या पिशवीकडे बघून म्हणायची, "चव विचारू नका, वास विचारू नका. चावायचे कष्ट वाचले एवढंच."

आणि त्याच रक्तात यीस्ट सापडलं होतं.

पाव फुगवणारं यीस्ट ते हे नव्हे. हे त्याचं वाया गेलेलं चुलत भावंड. तसं ते तुमच्या-आमच्या तोंडात, आतड्यात जन्मभर राहतं आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ऑपरेशन झालेलं, पोट उपाशी, अंगात ताकद नाही आणि त्यातून रक्तात प्लॅस्टिकची नळी, असा योग जुळून आला की त्याला हातपाय फुटतात. बाईंना संशय नळीचाच होता. रक्तात तरंगणारं यीस्ट औषधाने मरतं, ताप उतरतो. नळीला चिकटून बसलेलं मरत नाही. ते पुन्हा पिल्लावळ सोडतं आणि संध्याकाळी हुडहुडी. यावर उपाय एकच, नळी काढायची. आणि मोठे डॉक्टर, म्हणजे आत्याचं ऑपरेशन केलेले सर्जन, तिला हात लावायला तयार नव्हते.

"मॅडम, ही नळी बसवताना आमच्या नाकी नऊ आले," ते वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात म्हणाले. "दोन्ही बाजूंना टोचून झालं. एकदा तर सुई फुप्फुसाला लागता लागता राहिली. ही काढली आणि दुसरी बसलीच नाही, तर यांना जगवू कशावर?"

"पण यीस्ट नळीवरच बसलंय, सर."

"कशावरून?" त्यांनी फाइल उघडली. "तुमच्याच लॅबचा रिपोर्ट आहे. धागे काढत नाही. प्लॅस्टिकला चिकटण्याची क्षमता अत्यल्प. खाली सही कुणाची?"

सही बाईंचीच होती, नेहमीसारखी झोकदार.

"मी औषध वाढवतो," डॉक्टर जरा नरमाईने म्हणाले. "पण नळी काढायला लावायची तर पुरावा आणा."

डॉक्टरांच्या मागे दादा उभा होता. दादा म्हणजे आत्याचा मुलगा, बसच्या डेपोत मेकॅनिक. महिनाभर रजा टाकून तो आईच्या उशाशी बसला होता. "सर म्हणतात ते बरोबर आहे, चिमे," तो म्हणाला. "नळी आहे म्हणून आई आहे."

बाई जिन्याने तळघरात उतरल्या त्या धुमसतच. राग डॉक्टरांवर नव्हता. पुरावा मागितला तर काय चुकलं? त्यांनीही मागितलाच असता. राग होता त्या रिपोर्टावर. वर आत्या दर संध्याकाळी तापाने फणफणत होती आणि हा कागद म्हणत होता, यीस्ट बिचारं गरीब आहे. दोघांपैकी एक खोटं बोलत होतं, आणि आत्या खोटा ताप आणणाऱ्यांतली नव्हती.

लॅबमध्ये टापटीपकाका काचेच्या पट्ट्या पुसत होते. काका तिथले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. त्यांच्या पांढऱ्या कोटावर डाग पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांच्या प्लेटी, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या बशा, तर अशा, की भिंतीवर लावाव्यात. कामाची रीत ठरलेली होती. रुग्णाच्या रक्ताची बाटली यंत्रात ठेवायची. आत काही वाढलं की यंत्र पीं पीं करतं. मग बाटलीतला थेंब तारेच्या कडीने प्लेटवर रेघा ओढत पसरायचा आणि प्लेट उबेला ठेवायची. त्या रेघांवर यीस्टचे ठिपके उगवतात, त्यांना कॉलनी म्हणतात. त्यातली एक कॉलनी उचलून नव्या प्लेटवर वाढवायची आणि पुढच्या साऱ्या चाचण्या तिच्यावर. कोणती उचलायची? एकटी, गोल, गुळगुळीत असेल ती. वेडीवाकडी, कडेची दिसली तर सोडून द्यायची, कारण ती बहुधा हवेतून पडलेली घाण असते. पुस्तकात असंच होतं, सगळ्या लॅबमध्ये असंच चालायचं, आणि बाई नव्या लोकांना असंच शिकवत आल्या होत्या.

"काका, माझ्या आत्याची पहिली प्लेट कुठाय?"

"पहिली? तिचं काम झालं, मॅडम. टाकायच्या डब्यात गेली."

"डबा वाफेच्या भट्टीत गेला?"

"आता जाईल. ढकलगाडी दारातच आहे."

बाईंनी हातमोजे चढवले आणि ढकलगाडी अडवली. ढकलगाडीवाला बघत राहिला. विभागप्रमुख कचऱ्याचा डबा उपसताना त्याने कधी पाहिला नव्हता. काका "मॅडम, अहो मॅडम, मी काढतो ना," म्हणत मागे मागे करत होते, पण बाईंनी प्लेट हुडकली आणि हवाबंद कपाटाच्या काचेआड नेऊन उजेडात धरली.

मधोमध गोल, मलईच्या रंगाच्या, चकचकीत कॉलन्या. आणि पार कडेला चार-पाच वेगळ्याच. कोरड्या, मळकट. दुधाच्या सायीला बोट लावलं की ती आक्रसते, तशा सुरकुतलेल्या.

"या काय आहेत?"

"घाण, मॅडम. हवेतून पडलेली. मी मुद्दाम टाळली."

"हवेतून पडली, तर नेमकी रेघेवर कशी पडली?"

काका वाकले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. हवेतून पडलेली घाण कुठेही पडते, तिला रेघेचं सोयरसुतक नसतं. या कॉलन्या मात्र एकूण एक रेघेवर होत्या. म्हणजे त्या थेंबातूनच आल्या होत्या. आत्याच्या रक्तातून.

"रेघेवर आहेत खऱ्या," काका हळूच म्हणाले. मग जरा अवसान आणून म्हणाले, "पण मॅडम, एकटी, गोल, गुळगुळीत, हे तुम्हीच..."

"मीच," बाई म्हणाल्या. "आपण मुलगी बघायला गेल्यासारखी देखणी तेवढी उचलून आणली. चला, आता दुसरीला बघू."

सूक्ष्मदर्शकाखाली दोघींतला फरक उघड होता. गुळगुळीत कॉलनीत नुसते गोल गोल दाणे, एकमेकांना टेकून शांत बसलेले. सुरकुतलेलीत मात्र धाग्यांचा गुंता, सुटता सुटेना असा. काकांना वाटलं, ही जातच निराळी असणार. पण ओळख पटवणाऱ्या यंत्रात दोन्ही घातल्या तर यंत्राने दोघींचं नाव एकच सांगितलं. यीस्ट तेच होतं. एक घरच्या कपड्यांत होतं, दुसरं लढाईच्या.

बाईंना हे वाचून ठाऊक होतं, पण स्वतःच्या टेबलावर असं समोर आलं नव्हतं. या यीस्टकडे विष म्हणावं असं फारसं काही नसतं. त्याच्याकडे असतात त्या युक्त्या. अंगावर डिंकासारखी प्रथिनं, त्यांनी ते कशालाही चिकटतं. मग गोल दाण्यातून धागा काढतं, तो पेशींमधून घुसतो. मांस विरघळवणारे रस सोडतं. आणि सगळे मिळून जाळं विणून त्यावर चिकट लेप चढवतात, की औषध वरच्या वर वाहून जातं. या साऱ्या युक्त्या ते नेहमी वापरत नाही. लॅबच्या प्लेटवर आयती साखर, आयती ऊब. तिथे कशाला कोण मेहनत करतो? काकांनी ती लाडावलेली गोल कॉलनी उचलली, आणखी साखर चारली आणि मग तिला विचारलं, तू चिकटतेस का? ती नाही म्हणाली. रिपोर्ट तयार.

"मी नव्याने चाचणी लावतो," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते.

"लावू. पण आपल्या नेहमीच्या प्लॅस्टिकवर नको. ते कोरडं असतं. शरीरातल्या नळीवर आधी रक्तातल्या प्रथिनांचा थर बसतो आणि यीस्ट त्याला धरतं. आपल्याला खरी नळी पाहिजे."

वॉर्डाच्या सिस्टरकडून त्यांनी तसलीच एक नळी मिळवली. पाकीट फाटल्यामुळे ती रुग्णाला चालणार नव्हती. तिचे बोटाच्या पेरांएवढे तुकडे केले, ते सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणाऱ्या पिवळसर पाण्यात, भिजवले. अर्ध्या तुकड्यांवर गुळगुळीत यीस्ट सोडलं, अर्ध्यांवर सुरकुतलेलं. रात्रभर उबेत ठेवायचं, सकाळी वरून आत्याला चालू असलेलंच औषध घालायचं आणि आणखी एक दिवस थांबून बघायचं, कोण जिवंत राहतं. म्हणजे ताप येणाऱ्या आणखी दोन संध्याकाळी. त्याला इलाज नव्हता.

मधल्या दुपारी बाई आत्यापाशी जाऊन बसल्या. आत्याचे ओठ सुकले होते, डोळे मात्र टक्क उघडे.

"काय करतेस गं खाली दिवसभर?"

"तुझ्या अंगातल्या यीस्टची परीक्षा घेतेय."

"मग पास होऊ दे म्हणू की नापास?"

"पास झालं तर तुझी नळी निघेल."

"म्हणजे माझ्या अंगातला गुंड पक्का गुंड निघावा, अशी तुझी इच्छा!" आत्या खोकत हसली. "धन्य आहेस. पण करतो काय तो?"

"चिकटतो. नळीला धरून बसतो. मग धागे काढून सगळे एकमेकांत गुंततात."

"काठ धरून बसणारी पोरं असतात ना, तसा," आत्या म्हणाली. "त्यांना नुसतं ओरडून काही होत नाही. एकेक बोट सोडवावं लागतं. आणि एकदा का दोघं-तिघं एकमेकांना धरून बसली की मग तर विचारू नको."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी आत्याचा हात हातात घेतला. आत्याच्या मनगटाचं हाड वर आलं होतं. हीच आत्या त्यांना एका हाताने पाण्यातून वर खेचायची. ती जायची नाही, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. निदान आपल्या एका देखण्या कॉलनीपायी तरी नाही.

निकालाच्या सकाळी त्या लॅबमध्ये पोचल्या तेव्हा टापटीपकाका आधीच येऊन बसले होते. कोटाच्या बाहीवर निळ्या रंगाचा हातभर डाग पडला होता आणि त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. "बघा," ते म्हणाले आणि खुर्ची सोडून उठले.

गुळगुळीत यीस्टचे तुकडे औषधाने धुऊन निघाले होते. सुरकुतलेल्या यीस्टच्या तुकड्यांवर मात्र गादीसारखा जाड थर. औषध वरून ओतूनही तो जागचा हलला नव्हता, आणि काकांनी रात्रीच थोडा खरवडून नव्या प्लेटवर टाकला होता, तो भराभर वाढला होता.

तुकड्यांचं तबक घेऊन दोघं वर मोठ्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले, "सर, कॉलनी मी उचलली होती. चुकीची उचलली."

"आणि सही मी केली होती," बाई म्हणाल्या. "तो रिपोर्ट आम्ही मागे घेतोय."

मोठे डॉक्टर आपल्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा सरकवून बघत राहिले. मग म्हणाले, "आत बसलेल्या नळीवर असंच असेल, हे यातून सिद्ध होत नाही."

"नाही होत. आणि नळी काढल्याशिवाय होणारही नाही."

डॉक्टरांनी डोळे चोळले. "बरं," ते म्हणाले. "काढू. पण रक्त स्वच्छ होईपर्यंत दुसरी घालता येणार नाही. तोवर हातातल्या बारीक सुईतून साखरपाणी आणि औषध, बस्स. तेवढ्यावर त्या किती दिवस काढतील, मी सांगू शकत नाही. घरच्यांची सही लागेल."

घरचा म्हणजे दादा. आत्याच्या खाटेच्या पायथ्याशी त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तो भडकलाच.

"तुझ्या दोन प्लेटींपायी मी माझ्या आईचं अन्न तोडू? आधी म्हणालात यीस्ट गरीब आहे, आता म्हणताय गुंड आहे. उद्या तिसरंच काहीतरी सांगाल!"

"उद्या काय सांगेन मला माहीत नाही, दादा. आज जे दिसतंय ते सांगतेय."

"चुकलं तर तू जाशील खाली तुझ्या तळघरात. मी कोणतं तोंड घेऊन घरी जाऊ?"

हे बाईंना फार लागलं. पण पाऊल मागे घेतलं नाही. "चुकलं तर मीही त्याच घरी येईन," त्या म्हणाल्या. "तुझ्यासमोर बसेन. तू जे बोलशील ते ऐकून घेईन. पण ती नळी निघाली पाहिजे."

"मी अजून मेले नाही हं," खाटेवरून आवाज आला. "माझ्या डोक्यावरून भांडताय ते."

आत्याने मान वळवून डॉक्टरांकडे पाहिलं. "नळी ठेवली तर काय होईल? खरं सांगा."

"ताप येत राहील. औषध वाढवत जाऊ. आणि एखाद्या दिवशी ते हृदयात, डोळ्यात, मूत्रपिंडात, कुठेही जाऊन बसेल."

"आणि काढली तर उपाशी?"

"काही दिवस."

"उपाशी राहायला मला कुणी शिकवायला नको. ही दोघं लहान होती तेव्हा भरपूर सराव झालाय. तो कागद इकडे आणा."

"आई!" दादा म्हणाला.

"अरे, नळी माझ्या छातीत आहे. तुझ्या नाही."

तिने सही केली. अक्षर कापत कापत कागदाच्या कडेपर्यंत गेलं. दादा तोंड फिरवून व्हरांड्यात निघून गेला.

नळी निघाली. तिचं टोक कापून बाईंनी स्वतः प्लेटवर फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी प्लेट बघून टापटीपकाकांनी कपाळाला हात लावला. कडेपासून कडेपर्यंत सुरकुत्याच सुरकुत्या. बाईंचं म्हणणं खरं निघालं होतं. त्यांनी वर जाऊन ते दादाला सांगितलं.

"मग आता बरी होईल ती?" दादाने विचारलं.

याचं उत्तर त्या प्लेटवर नव्हतं.

कारण नळी काढल्यावर घेतलेल्या रक्ताची बाटलीही यंत्रात वाजली. यीस्ट अजून होतंच. आत्याच्या हातांच्या शिरा एकेक करून फुटत होत्या. सिस्टर सुईसाठी जागा शोधून थकत होत्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत काळेनिळे पडले होते. ताप थोडा कमी चढत होता, पण अंगात मांसच उरलं नव्हतं. उठून बसवलं तर मान कलायची. दादाने बाईंशी बोलणं टाकलं. त्या आल्या की तो स्टूल सोडून खिडकीशी जाऊन उभा राही.

बाई प्रथमच खऱ्याखुऱ्या घाबरल्या. आपलं निदान बरोबर आणि आत्या मात्र हातची गेली, असंही होऊ शकतं, हे त्यांना लख्ख दिसलं. अशा वेळी माणूस देवाला हात जोडतो किंवा कुणाच्या तरी खांद्यावर डोकं ठेवतो. बाईंनी यापैकी काही केलं नाही. त्यांनी सुरकुतलेल्या यीस्टवर कपाटातली उरलेली औषधं एकेक करून लावली, सगळ्यांत जोरदार ठरलं ते शोधलं आणि डॉक्टरांना जाऊन म्हणाल्या, "हे बदला. आधीचं औषध आपण गरीब कॉलनीच्या मापाने निवडलं होतं." डॉक्टरांनी या वेळी पुरावा मागितला नाही. लगेच औषध बदललं.

पुढची बाटली यंत्रात गेली. बाईंचं टेबल यंत्रापासून लांब होतं, ते त्यांनी ओढत जवळ आणलं. उगवण्याची वाट बघण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. आता त्या काही उगवू नये म्हणून बसल्या होत्या. यंत्र दुसऱ्या कुणाच्या बाटलीसाठी वाजलं की काका धावत जाऊन नाव बघत आणि लांबूनच मान हलवत, आपली नाही. त्या दिवशी आत्याची बाटली गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतरची बाटलीही गप्पच. वर तापाच्या तक्त्यावरची रेघ संध्याकाळी वर जायची विसरली होती.

मग मोठे डॉक्टर म्हणाले, "आता नवी नळी घालायची, नाहीतर आतडं बघायचं." जरा थांबून म्हणाले, "खरं सांगू? नळी होती म्हणून आम्ही सगळेच निर्धास्त होतो. आतड्याची चौकशी कुणी केलीच नाही. आधी ती करतो."

आत्याच्या आतड्यात एक्स-रेला दिसणारं औषध सोडून फोटो काढले. गळती बंद झाली होती. कधी, कुणास ठाऊक.

दुपारी सिस्टरने कोमट पाण्याची वाटी आणि चमचा आणून ठेवला. एकच चमचा द्यायचा, मग वाट बघायची. पोटात दुखलं, उलटी झाली, तर पुन्हा नळी, पुन्हा छातीत सुया. दादाने चमचा भरला. रोज बसची इंजिनं उतरवणाऱ्या हाताला चमचा फारच लहान पडत होता. अर्धं पाणी आत्याच्या हनुवटीवर सांडलं, अर्धं आत गेलं. आत्याने गिळलं. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली.

डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. काका तळघरातून येऊन दारात उभे होते, आत यावं की नाही अशा पेचात. बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या आणि सगळ्यांप्रमाणे त्याही आत्याच्या पोटावरच्या चादरीकडे टक लावून बघत होत्या. तिथे काहीच होत नव्हतं. वेळ सरकत होता आणि तिथे खरोखर काहीच होत नव्हतं.

"माझ्या पोटाकडे काय बघत बसलात?" आत्या म्हणाली. आवाज घोगरा होता, पण व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेला. "दुसरा चमचा आणा."

डॉक्टरांनी मान डोलावली. दादाने वाटी उचलली, चमचा भरला आणि थांबला. मग पायाने स्टूल बाईंच्या दिशेने सरकवलं.

"बस, चिमे," तो म्हणाला. "हा तू दे."